निबंध तपासताना, भाग 6 : बहावा फुलला, गुण किती?

प्रश्न कसा बांधावा हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज थेट एक निबंध तपासायला घेऊ. तो रचलेला आहे, पण सुरतजवळच्या सचिनमध्ये सहज लिहिला जाईल असा. तिथल्या जीआयडीसीच्या आसपास, पांडेसरा-उधन्यात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरं आहेत; आईबाप कारखान्यात, आजी शिरपूरकडच्या गावात. विषय नेहमीचाच : पाश्चात्त्य विज्ञान आणि पारंपरिक ज्ञान. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने 2018 साली पारंपरिक ज्ञानप्रणाली हा उपविषयच ठेवला होता, त्यामुळे शिक्षकांना तो नवा नाही.

नववीतली मुलगी लिहिते : ‘आजी म्हणते, बहावा पुरता फुलला की 45 दिवसांनी पाऊस येतो. आमच्या सोसायटीतला बहावा एप्रिलअखेर फुलला आणि जूनच्या मध्याला पाऊस आला. म्हणजे हवामान खात्याला यंत्रांनी जे कळतं, ते आपल्या पूर्वजांना झाडावरून कळत होतं.’

एक शिक्षक अभिमानाने नऊ गुण देतील, दुसरे अंधश्रद्धा म्हणून तीन. दोघांनीही शेवटचं वाक्य तपासलं. मधल्याकडे कुणी पाहिलंच नाही.

खरी मेख तिथे आहे. एक झाड, एकच वर्ष. पुरता फुलला म्हणजे कधी? पहिला घोस लोंबला तेव्हा, की झाडावर पान दिसेनासं झालं तेव्हा? पाऊस म्हणजे वळवाची सर की मोसमी पाऊस? शिवाय आजीचा अडाखा तिच्या शिवारातला आणि झाड समुद्राजवळच्या सचिनचं. अडाखा जिथे जन्मला तिथेच आधी तपासायला हवा. गावाकडच्या मावसभावाला फोन करून तिथल्या झाडाची तारीख मागवली असती, तर मी लगेच एक गुण वाढवला असता.

आणखी एक गोष्ट मुलांच्या, खरं तर मोठ्यांच्याही, लक्षात येत नाही. बहावा दरवर्षी साधारण त्याच सुमारास फुलतो आणि दक्षिण गुजरातेत पाऊसही साधारण जूनच्या मध्यालाच येतो. मग अडाखा बऱ्याचदा जुळणारच. बहाव्याची खरी कसोटी कॅलेंडरशी आहे. झाडाकडे न बघता दरवर्षी ‘15 जून’ असं ठोकून दिलं, तर किती दिवसांची चूक होते? बहाव्यावरून सांगितलं, तर किती? लवकर फुललेल्या वर्षी पाऊसही लवकर आला का? दहा वर्षांच्या तारखा दोन रकान्यांत मांडल्या तर आजीचं म्हणणं खरं तरी ठरेल, नाहीतर पडेल तरी. पडू शकेल अशा रीतीने ते मांडणं हाच आजीचा मान. जुनागढचे कृषिशास्त्रज्ञ डॉ. पी. आर. कानाणी यांनी भडलीची वाक्यं, म्हणजे आपल्याकडची सहदेव-भाडळी, अशीच नोंदींशी ताडून पाहायला घेतली होती.

‘यंत्रं त्यांची, झाडं आपली’ ही वाटणीही खोडावी लागेल. धान्यकोठाराशी हातभर तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजावा, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. मोजणं कुणा एका दिशेची मिरास नाही.

पुढच्या पानावर हळद येते. ती येतेच. ‘अमेरिकेने हळदीचं पेटंट रद्द केलं, म्हणजे हळदीने जखम बरी होते हे सिद्ध झालं.’ इथे लाल शाई हवी. 1995 साली दिलेलं ते पेटंट सीएसआयआरच्या आक्षेपानंतर 1997 मध्ये रद्द झालं. त्या वेळी संस्थेच्या प्रमुखपदी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. वाद हळदीच्या गुणाचा नव्हता, ही माहिती नवी आहे की आधीपासून ठाऊक होती याचा होता. घरोघरची आजी साक्षीला चालली नाही. छापील पुरावे द्यावे लागले, त्यांत 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. कुणाला आधी ठाऊक होतं आणि ते खरं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न. निबंधात ते एकत्र कालवले की गुण कापावेतच.

मग किती? प्रश्न चांगला, आजीचं म्हणणं तिच्याच शब्दांत आणलं, त्याचे पुरते गुण. नोंदीचा एक. तुलना नाही, म्हणून शून्य. निष्कर्ष उडी मारून काढलेला. मी दहापैकी पाच देईन आणि समासात लिहीन : ‘पुढच्या एप्रिलपासून वही कर, सचिनची आणि गावाची वेगळी.’

पुढच्या आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीवरचा निबंध. अक्षय्यतृतीयेच्या त्या भाकितांत पावसासोबत राजकारणही असतं, त्यामुळे दोन रकाने पुरणार नाहीत.