राउटर उलटा करून बघा

राउटर घ्यायला गेलेली माणसं अँटेना मोजतात. चारपेक्षा सहा बऱ्या, आणि आठ असतील तर रेंज थेट सोसायटीच्या गेटपर्यंत, असा एकंदर हिशेब. मी मात्र राउटर हातात आला की आधी उलटा करतो. तळाच्या लेबलावर, मॉडेलच्या नावाशेजारी किंवा सीरियल नंबरच्या आसपास, बारीक अक्षरांत ‘व्हर्जन ४’ किंवा ‘एच/डब्ल्यू टी१’ असं काहीतरी छापलेलं असतं. हे हार्डवेअर रिव्हिजन. मॉडेल नुसतं नाव सांगतं. आत कोणती चिप आहे आणि मेमरी किती, याचा पत्ता या चिमुकल्या आकड्यावरून लागतो.

मला हा नाद लावला लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जीने. निळा-काळा, दोन अँटेनांचा हा राउटर २००२च्या डिसेंबरात बाजारात आला. २००३मध्ये सिस्कोने लिंकसिस विकत घेतली आणि त्याच वर्षी काही चौकस मंडळींच्या लक्षात आलं, की या राउटरच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना सांगतो, वापरा खुशाल, पण वस्तू विकलीत तर त्या भागाचा सोर्स कोडही द्या. ओरडा झाला आणि कंपनीला कोड खुला करावा लागला. मग काय! २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरवर चढवायच्या खुल्या फर्मवेअरचा प्रकल्प उभा राहिला, पाठोपाठ डीडी-डब्ल्यूआरटी आलं. घरगुती वापराचा स्वस्त राउटर एकदम महागड्या यंत्रांची कामं करू लागला. ट्रॅफिकला प्राधान्यक्रम लावा, सिग्नलची ताकद वाढवा, दोन राउटर बिनतारी जोडा, काय वाट्टेल ते.

आणि इथेच गंमत आहे. पहिल्या व्हर्जनमध्ये प्रोसेसर १२५ मेगाहर्ट्झचा होता, पुढच्यात २०० झाला. चौथ्या व्हर्जनपर्यंत ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. २००५मध्ये पाचवं व्हर्जन निघालं. नाव तेच, रूप तेच. आत मात्र फ्लॅश २ एमबी, रॅम ८ एमबी आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स ही दुसरीच ऑपरेटिंग सिस्टिम. मेमरी निम्मी झाली की प्रत्येक नगामागे पैसे वाचतात, आणि व्हीएक्सवर्क्सला कमी जागा पुरते. ज्यांना फक्त इंटरनेट हवं होतं त्यांना फरक कळलाही नाही. ज्यांनी फर्मवेअर बदलायच्या इराद्याने तो घेतला, ते डोक्याला हात लावून बसले. तेव्हापासून सीरियल नंबरची पहिली चार अक्षरं हौशी लोकांना तोंडपाठ झाली: सीडीएफए म्हणजे चौथं, घ्या, सीडीएफबी म्हणजे पाचवं, ठेवा परत.

थोडं विषयांतर करतो, कारण मला राहवत नाही. हेच व्हीएक्सवर्क्स नासाच्या स्पिरिट रोव्हरवर होतं. जानेवारी २००४मध्ये तो मंगळावर उतरला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पुन्हा रीबूट होऊ लागला. कारण? फ्लॅशमध्ये फायली इतक्या साचल्या होत्या, की त्यांचा हिशेब ठेवायला रॅम पुरेना. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून तो दुरुस्त केला. तेव्हा मेमरीची तंगी ही काही आपल्या हॉलमधल्या टीव्हीच्या कोपऱ्यापुरती गोष्ट नाही.

लिंकसिसने हौशी लोकांची नाराजी ओळखली आणि २००५मध्येच जुन्या मेमरीचं, लिनक्सवालं मॉडेल वेगळ्या नावाने काढलं: डब्ल्यूआरटी५४जीएल. ते २०१६ सालीही विकलं जात होतं! इतक्या वर्षांपूर्वीचं यंत्र इतका काळ खपावं, हे या धंद्यात दुर्मीळच.

वाय-फायच्या पिढ्यांबद्दलही लिहायला हवं, म्हणून लिहितो. ‘बी’ १९९९चा, ‘जी’ २००३चा, ‘एन’ २००९चा, ‘एसी’ २०१३चा. २०१८मध्ये वाय-फाय ४, ५, ६ अशी सुटसुटीत नावं ठरली. आज घेताना ६च्या खाली उतरू नका. झालं.

आता पुन्हा लेबलाकडे. नवीन व्हर्जन म्हणजे चांगलं, हा समज तर पार खोटा. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन बघा. तेराव्या व्हर्जनमध्ये ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम, चौदाव्यात पुन्हा ४ आणि ३२. उलट त्याच कंपनीच्या आर्चर सी७च्या पहिल्या व्हर्जनमधल्या ५ गिगाहर्ट्झच्या चिपला खुल्या ड्रायव्हरचा आधारच नव्हता. दुसऱ्या व्हर्जनपासून तो राउटर हौशी मंडळींचा लाडका झाला. फर्मवेअर बदलायचं नसलं तरी हे पाहावं लागतं, कारण कंपनीची अपडेटसुद्धा व्हर्जननुसार वेगळी असतात. चुकीच्या व्हर्जनची फाइल चढवली तर राउटर कायमचा गप्प होऊ शकतो.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो, की मी व्हर्जन विचारतो. बहुतेक काउंटरवर उत्तर येतं, “साहेब, सगळे सेमच असतात.” एका दुकानदाराने मात्र न बोलता एकाच मॉडेलचे दोन बॉक्स समोर ठेवले आणि बाहेरच्या स्टिकरवरचे वेगळे आकडे बोटाने दाखवले. अशा दुकानात चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते. ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही. तिथे एकाच पानाखाली सगळ्या व्हर्जनची परीक्षणं खिचडीसारखी मिसळलेली असतात. पाच वर्षांपूर्वीची वाहवा भलत्याच यंत्राची निघते.

आणखी एक. ‘एसी१२००’ हा आकडा दोन बँडच्या कागदोपत्री वेगांची, ३०० अधिक ८६७ची, वर ओढून गोल केलेली बेरीज आहे. अशा काही स्वस्त राउटरांचे पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचेच असतात. २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतलात तरी निम्मा वेग त्या पोर्टातच अडतो. म्हणून ‘गिगाबिट’ हा शब्द वॅन पोर्टासाठी लिहिलाय का, ते बघा. ओपनडब्ल्यूआरटी टाकायचं असेल तर १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम हवी, त्याहून कमी नको. कनेक्शन केबलवाल्याकडचं असेल तर पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड आधी लिहून घ्या, आणि त्याने जुन्या राउटरचा मॅक पत्ता बांधून ठेवला असेल तर नवा पत्ता त्याला कळवा. जुना राउटर भंगारात देऊ नका. त्याचं डीएचसीपी बंद करा, आयपी पत्ता बदला आणि नव्या राउटरकडून येणारी केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. मागच्या खोलीत वाय-फाय पोचवायला तो पुरतो.