आधी पोट, मग पाटी?

लहान मुलांबद्दलचे आपले बरेचसे गैरसमज एकाच समजुतीतून निघतात. शरीर, बुद्धी, भावना आणि माणसांत मिसळणं ही चार वेगळी कामं आहेत आणि ती एकामागून एक उरकता येतात, ही ती समजूत. म्हणून बाळ लहान असेपर्यंत ‘खातं ना, वजन वाढतंय ना’ एवढंच विचारलं जातं. तिसऱ्या वर्षी बालवाडीत नाव घातलं की चौकशी एकदम ‘एबीसीडी येते का’वर जाते. आणि मूल बुजतं, चावतं, जमिनीवर लोळण घेतं, ते सारं ‘मोठं झालं की सुटेल’ म्हणून मागे पडतं. आहाराला पहिलं स्थान देण्यात काहीच चूक नाही. बाकीचं सावकाश पाहू, असं मानण्यात मात्र मोठी चूक आहे, आणि तिची किंमत मूल आयुष्यभर मोजतं.

याचा सगळ्यांत ठोस पुरावा जमैकातला आहे. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८०च्या दशकाच्या मध्यावर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिने वयाची, वयाच्या मानाने उंची खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना दोन वर्षं पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि घरच्याच वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, हे आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. नुसत्या आहाराचा बुद्धीला झालेला फायदा सुरुवातीला दिसला, पण पुढे टिकला नाही. खेळाचा आणि बोलण्याचा टिकला. वीस वर्षांनी, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांच्या घरी सेविका जात होती ती मुलं इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. ज्यांची उंची कधी खुंटलीच नव्हती, अशा मुलांची त्यांनी बरोबरी गाठली होती. यावर कुणी म्हणेल, म्हणजे पोषण आहाराला अर्थ नाही का? तसं मुळीच नाही. उपाशी मूल खेळतच नाही. रक्त कमी असलेलं मूल कोपऱ्यात बसून राहतं. पण पोट भरल्यावर मिळालेली ताकद मुलाने कुणाबरोबर आणि कशात वापरायची, हा प्रश्न उरतोच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आढळली. त्यामुळे अंगणवाडीत वजनकाटा आणि घरी न्यायच्या आहाराचं (टीएचआर) पाकीट जितकं मोलाचं, तितकीच मुलांना घेऊन बसणारी, गाणी म्हणणारी सेविकाही मोलाची आहे. तिचा सगळा वेळ नोंदी भरण्यात जात असेल, तर तो मुलांच्या वाढीतूनच कापला जातो.

‘रडलं की लगेच उचलू नका, हाताची सवय लागेल’ हा सल्लाही याच समजुतीचा. प्रेम म्हणजे लाड, आणि लाड म्हणजे वरचं काहीतरी, असं त्यात धरलेलं असतं. रुमानियात २०००पासून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास केला. तिथे अन्न होतं, छप्पर होतं; मात्र पाळ्या बदलणाऱ्या सेवकांमुळे प्रत्येक मुलाला आपलं असं एकही माणूस नव्हतं. निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत ठेवल्यावर त्यांची बुद्धी वाढली, जिव्हाळा रुजला आणि उंची-वजनातही भर पडली. जी मुलं दोन वर्षांची होण्याआधी घरात आली, त्यांना बुद्धी आणि जिव्हाळ्याच्या बाबतीत अधिक लाभ झाला. माया मिळाली की हाडंही वाढतात, ही भाबडी समजूत नाही, मोजलेली गोष्ट आहे. चार महिन्यांच्या बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. दुसऱ्याच्या कुशीत पुन्हा पुन्हा शांत होता होताच ते कौशल्य त्याच्यात उतरतं. मग दोन वर्षांच्या मुलाचा प्रत्येक हट्ट पुरवायचा का? नाही. मोबाइल द्यायला नकार देता येतो आणि त्या नकाराने रडणाऱ्या मुलाला जवळही घेता येतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

शहरांत आणि आता गावांतही सर्वांत जोरात चालणारा गैरसमज लिहिण्याचा आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाने चार रेघांच्या वहीत अक्षर बसवलं की ते हुशार, नाही बसवलं की मागे. जन्मतः मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात. ती एकेक करून हाड बनत जातात आणि शेवटच्याला नवव्या वर्षापर्यंत किंवा त्याहून उशीर लागतो. पेन्सिल पेलणारी बोटं माती मळून, मणी ओवून, शेंगा सोलून तयार होतात. वाचनाबाबत न्यूझीलंडमध्ये सबॅस्टियन सगेट यांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचायला लागलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत त्यांच्या वाचनातला फरक मिटलेला होता. ‘पण स्पर्धा आहे, बाकीची मुलं पुढे जातील,’ ही पालकांची भीती खरी आहे आणि तिची हेटाळणी करू नये. तिचं उत्तर एवढंच, की ज्या शर्यतीत लवकर निघण्याचा फायदा अकराव्या वर्षी उरत नाही, तिच्यासाठी खेळाची, गोष्टींची, भांडून पुन्हा दोस्ती करण्याची वर्षं देणं महागात पडतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळावर भर दिला, पण महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून शिक्षण उभं केलं. मुलांची अंघोळ, केस विंचरणं, गाणं आणि मोजणं हे तिथे एकाच सकाळचं काम होतं.

मोबाइलवरच्या बालगीतांनी भाषा येते, हाही भ्रमच. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत बोललं तेव्हा बाळं ते ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत. दोघंही कामावर जाणाऱ्या घरात वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण अंघोळ घालताना, भाजी निवडताना, बसची वाट बघताना मुलाशी बोलायला वेगळा तास काढावा लागत नाही.

मग प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढतं, म्हणून निवांत राहावं का? अर्धंच खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत, ज्यात दिल्लीची मुलंही होती, निरोगी मुलं साधारण आठव्या ते अठराव्या महिन्यादरम्यान एकटी चालू लागली, आणि चार टक्क्यांहून थोडी अधिक मुलं गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना नको आणि बसवून ठेवणारा वॉकरही नको. त्याने चालणं लवकर येत नाही आणि अपघात होतात, म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला पांगुळगाडा निदान मुलाला स्वतःच्या पायांवर उभं तरी करतो. पण ‘आपल्या गतीने’ वाढण्याच्या मुदतीलाही शेवट आहे. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं आधाराशिवाय चालत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ किंवा ‘याचे बाबाही असेच होते’ म्हणून थांबू नये. ऐकण्या-बोलण्याची शंका असेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. आणि आलेले शब्द हरवू लागले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येऊन ही तपासणी मोफत करतं आणि गरज असेल त्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं.