पांढऱ्या फडक्याचा हिशेब

2017च्या काजूच्या हंगामात सिंधुदुर्गातल्या आमच्या बांद्यात बायका बागेत जायला घाबरत होत्या. गोचिडीतून पसरणारा माकडताप आला होता. 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार आदल्या वर्षी दोडामार्गात उतरला, मग आमच्याकडे. मी बीएएमएस होऊन एका खासगी दवाखान्यात बसत होते. रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवायचे, एवढंच हातात.

तेव्हा एका माणसाला बागेत गोचिडी शोधताना पाहिलं. सुक्या पाचोळ्यावरून पांढरं फडकं ओढत न्यायचं, उलटं करायचं, चिकटलेल्या मोहरीहून बारीक गोचिडी मोजायच्या. मेलेल्या माकडाभोवती फवारणी ठरलेलीच. पण बाग किती वाईट ते हे फडकं सांगतं. म्हटलं, हे शिकायचं.

त्या कामाकडे नेणारी पदवी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स. दोन वर्षांची. भारतात त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्रात ती 1997 पासून आहे. मुंबईत टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, शिवाय पुणे विद्यापीठही. एमबीबीएसच हवं असं नाही, हीच तिची ओढ आणि हीच मेख.

फी, वसतिगृह मिळून मला 4 लाख लागले, सगळे कर्जाचे, दर 10 टक्के. शिकताना आणि पुढचं वर्षभर हप्ता नव्हता, पण व्याज चढत राहिलं. हप्ते सुरू झाले तेव्हा कर्ज 5 लाखांवर गेलेलं. महिना 8,300, असे 84 हप्ते. म्हणजे फेडायचे जवळजवळ 7 लाख. दवाखान्यातले महिना 20,000 दोन वर्षं बुडाले, ते 4 लाख 80 हजार वेगळेच. हा आकडा माहितीपत्रकात नसतो.

एमपीएच झाल्यावर नोकरी लागली, महिना 35,000ची. करार 11 महिन्यांचा, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. महिन्याला 15,000 वाढले म्हणून खूश होते. तोवर कळलं, बीएएमएसची वर्गमैत्रीण उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी झाली. सहा महिन्यांचा कोर्स. 25,000 मानधन आणि कामावर आधारित 15,000पर्यंत. आई म्हणाली, "दोन वर्सां जास्ती शिकलंस आणि पगार तिच्यापरास कमी कसो गो?"

कारण पगार बहुतेकदा पहिल्या पदवीवर ठरतो. एमबीबीएसवाल्याच्या हातात एमपीएच आली की दारं उघडतात; आमच्या हातात आली तर अर्जाला जोड मिळते. शेजारची बीडीएस झालेली मुलगी विचारायला आली, तेव्हा तिला जाहिरातीतला पात्रतेचा रकाना वाचायला लावला. 'एमपीएच आवश्यक' कुठे आहे आणि 'असल्यास प्राधान्य' कुठे, ते मोज म्हटलं. प्राधान्याने मुलाखत मिळते, पगार वाढत नाही. तरी ती जाणार आहे. मीही गेलेच होते.

फवारणीच्या दिवसांत माझं फडकं पिशवीत असतं. एरवी आई ते घरात घेऊ देत नाही, पडवीबाहेरच्या दांडीवर असतं.