गाडी का थांबली? : खेळण्यातील रेल्वे आणि कारणांचा शोध

आपल्या विद्यालयाच्या विज्ञानकक्षात आठ फूट लांब व चार फूट रुंद फळीवर छोट्या आगगाडीचा मार्ग मांडलेला आहे. अलीकडील विद्यार्थ्यांना तो परिचित आहे. पालक आणि जुने विद्यार्थी मात्र भेटीस आले की त्याविषयी विचारतात. इतिहासाच्या शिक्षकाचा या खेळण्याशी काय संबंध, असाही प्रश्न काहींना पडतो. त्या सर्वांसाठी हा लेख.

जर्मनीतील मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात ठरावीक मापाचे रूळ आणि त्यांवर धावणाऱ्या गाड्या मांडल्या. माप ठरल्यामुळे हे खेळणे वाढवता येऊ लागले : यंदा एक डबा, पुढील वर्षी एक सांधा. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. पुढे विजेच्या आल्या. आज जगात सर्वाधिक प्रचलित माप 'एचओ' हे आहे. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग असते आणि दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. आपल्या देशातील ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद आहे. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरहून थोडे अधिक येते. म्हणजे या रुळांवर भारतीय गाडी उभी केली, तर तिच्या पायांखालचा मार्ग प्रमाणापेक्षा अरुंद असतो. हे गणित मुलांनी पट्टी लावून स्वतः करावे, सांगू नये.

गाडी चालते कशी हे कळल्याशिवाय ती थांबली का हे कळत नाही. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा अडॅप्टरमधून साधारण १२ व्होल्ट डीसी होऊन कंट्रोलरमार्गे रुळांत येतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. इंजिनाची धातूची चाके एका रुळावरून वीज घेतात; ती मोटारीतून जाऊन दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळात परतते. धन-ऋण उलटे केले की गाडी मागे धावते.

रूळ म्हणजे उघडी तारच असल्याने बहुतेक बिघाड तेथेच असतात. गाडी धक्के देत चालते, बोट लावले की पुढे सरकते, पुन्हा थांबते. अशा वेळी मोटार जळाली असे समजून मुले हिरमुसतात. वस्तुतः रुळांवर धूळ, तेल आणि बोटांचा घाम यांचा थर बसलेला असतो. पुरवठा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या सुती कापडाने रूळ पुसावेत. चाके कापसाच्या काडीने स्वच्छ करावीत. हा द्रव ज्वालाग्राही आहे. तो पूर्ण वाळेपर्यंत वीज सुरू करू नये. सँडपेपर कदापि वापरू नये, कारण त्याने पडलेल्या सूक्ष्म चरांत मळ अधिक वेगाने साठतो. दातचक्रांना तेल द्यायचे ते टाचणीच्या टोकावर मावेल इतकेच; जास्तीचे तेल शेवटी रुळांवरच उतरते.

गाडी दूरच्या टोकाला मंदावत असेल, तर रूळ जोडणाऱ्या पट्ट्या सैल झालेल्या असतात. पकडीने त्या घट्ट कराव्यात किंवा त्या भागास कंट्रोलरपासून स्वतंत्र तार द्यावी. सर्वच गाड्या एकदम थांबल्या व कंट्रोलरचा दिवा विझला, तर शॉर्टसर्किट समजावे. सर्व डबे-इंजिने उचलावीत. दिवा लागला तर दोष गाड्यांत. एकेक परत ठेवत गेले की तो सापडतो. दिवा लागला नाही, तर रुळांवर आडवी पडलेली टाचणी किंवा स्क्रू शोधावा. आणखी एक कारण उत्साही मुलांच्या हातून घडते : मार्ग वळवून पुन्हा त्याच मार्गाला जोडला की डावा रूळ उजव्याला मिळतो. अशा वळशाच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या आणि धन-ऋण बदलणारा स्विच लागतो.

घसरणाऱ्या डब्यांसाठी नियम सोपा आहे. कोणताही डबा एकाच जागी घसरत असेल, तर दोष रुळात. एकच डबा कोठेही घसरत असेल, तर दोष त्याच्या चाकांत.

या नियमाचा आमच्या मुलींनी केलेला उपयोग सांगण्याजोगा आहे. खिडकीजवळच्या वळणावर गाडी वारंवार घसरे आणि मोठी मुले पाचवीतील मुलांवर आळ घेत. मुलींच्या एका गटाने नोंदवही ठेवली : वार, वेळ, इंजिन, जागा, उपस्थित कोण. पंधरवड्यात दिसून आले की घसरणे दुपारी तीननंतरच होते, आणि विज्ञानकक्षात कोणीही लहान मूल नसतानाही होते. त्या वेळी तेथे थेट ऊन येते. रूळ तापून लांबत होते आणि जोडांत फट ठेवलेली नसल्याने वाकत होते. कागदाच्या जाडीएवढी फट ठेवली, पडदा लावला, घसरणे थांबले. धम्मवर्गात प्रतीत्यसमुत्पाद शिकवताना पूर्वी उदाहरण शोधावे लागे; आता ती वहीच दाखवतो. पिढ्यान्‌पिढ्या पुराव्यावाचून ज्यांच्यावर दोष लादला गेला, त्यांच्या मुलांना दोषाची जागा पुराव्याने दाखवता यावी, ही मला क्षुल्लक बाब वाटत नाही.

चढाचा प्रश्न निघाला की माझा विषय आपोआप येतो. छोट्या मार्गावर शंभराला दोन-तीनपेक्षा अधिक चढ दिला तर चाके जागीच फिरतात. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे शंभराला सुमारे २.७ आहे, कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना आजही मागून जादा इंजिने जोडतात. तो घाट बांधताना एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. अभियंत्यांची नावे ग्रंथांत मिळतात, त्या मजुरांची नाहीत.

मार्गावरील दोन स्थानकांपैकी एकाला मुलांनी 'मसूर' हे नाव दिले आहे. १९०१ मध्ये बालवयातील भीमराव भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे निघाले असता याच स्थानकावर उतरले. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांची वृत्ती पालटली, आणि दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर बैलगाडी मिळाली. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पाहुण्यांना ही हकीकत मुलेच सांगतात.

या छंदाची झेप कोठवर जाते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. एमआयटी या संस्थेत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचे रेल्वे मॉडेल मंडळ स्थापन झाले. फळीखालची सिग्नल-यंत्रणा टेलिफोनच्या रिलेंनी बांधणाऱ्यांपैकी अनेक जण पुढे आरंभीच्या संगणकांचे प्रोग्रॅमर झाले. जवळचे पाहायचे, तर पुण्यात कोथरूड येथील जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे.

घरी आरंभ करू इच्छिणाऱ्या पालकांनी प्रथम सेलवर चालणारी, प्लॅस्टिकच्या रुळांची स्वस्त गाडीच घ्यावी. तिला रूळ पुसण्याची कटकट नाही. सुट्टीत सेल मात्र काढून ठेवावेत, अन्यथा ते गळून पत्र्याच्या पट्ट्या गंजतात. विजेचा संच घेताना निकेल-सिल्व्हरचे रूळ पाहावेत (त्यांत चांदी नसते), कारण पोलादी रूळ आपल्या पावसाळ्यात टिकत नाहीत.

परदेशी असलेले काही माजी विद्यार्थी संच पाठवण्याची इच्छा व्यक्त करतात. त्यांनी पाठवण्यापूर्वी खोक्यावरील माप आणि प्रणाली कळवावी. आपला मार्ग एचओ, दोन रुळांचा, डीसी आहे. मार्कलिनच्या एचओ गाड्या सामान्यतः एसी प्रणालीच्या असतात व त्यांची चाके विद्युतरोधित नसतात. त्या आपल्या रुळांवर ठेवताच शॉर्टसर्किट होईल. बंद पडलेला संचही चालेल. तो उघडून पाहण्यास शनिवारी दुपारी दहा-बारा मुले बसलेली असतात.