घडत्या भूमीवरचा एक दिवस

आइसलंड पाहावयाचे तर निदान पंधरवडा हाताशी हवा, असे जाणते प्रवासी सांगतात आणि ते खरेच आहे. परंतु ज्यांच्यापाशी पंधरवडा नसतो त्यांच्यासाठी रेक्याविक या राजधानीतून रोज सकाळी बसगाड्या दक्षिण किनाऱ्याकडे निघतात व संध्याकाळी परत येतात. जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटरांची मजल. दोन धबधबे, एक हिमनदी, काळ्या वाळूचा एक किनारा आणि वीक नावाचे चिमुकले गाव, एवढा त्यांचा कार्यक्रम. जून महिन्यातल्या एका ढगाळ सकाळी मीही अशाच एका गाडीत बसलो. जमीन कशी जन्मते, कशी वाढते आणि कशी झिजते, याच्या गोष्टी आपण भूगोलाच्या पुस्तकात कोट्यवधी वर्षांच्या हिशेबाने वाचतो. त्या तिथे माणसाच्या आयुष्याच्या मापाने घडताना दिसतात. त्या दिवसाची हकीकत म्हणूनच वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

प्रथम नावांविषयी दोन शब्द. तिकडची गावे आणि डोंगर उच्चारताना आपली जीभ अडखळते. परंतु तीन शब्द ध्यानात ठेवले की पुष्कळ काम भागते. ‘फॉस’ म्हणजे धबधबा, ‘योकुत्ल’ म्हणजे हिमनदी किंवा हिमाच्छादित शिखर आणि ‘फ्यारा’ म्हणजे समुद्रकिनारा. रेक्याविक याचा अर्थ ‘धुराचा उपसागर’. तो धूर म्हणजे खरोखर जमिनीतून निघणारी वाफ. माणसांची नावे तर याहून सुटसुटीत. त्या देशात बहुतेकांना आडनावच नसते. बापाच्या, क्वचित आईच्या नावापुढे ‘चा मुलगा’ किंवा ‘ची मुलगी’ असे लावले की झाले; आणि हाक सगळ्यांना पहिल्या नावाने, मग तो देशाचा राष्ट्राध्यक्ष का असेना. ज्या आपल्या घराण्यांनी तीनशे मैल दूर येऊनही पिढ्यान् पिढ्या आडनाव जपले, त्यांना याचे थोडे नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

शहर सुटले की गाडी हेत्लिशेडी नावाच्या माळावर चढते. दोन्ही बाजूंना गोठलेल्या लाव्हारसाचा खडबडीत पसारा, त्यावर करड्या-हिरव्या शेवाळाची जाड दुलई आणि मधूनच जमिनीतून उठणारे वाफेचे लोट. या वाफेवर इथे वीज तयार होते आणि इथले कढत पाणी नळांनी राजधानीच्या घराघरांत खेळवलेले आहे. याच ठिकाणी २०१२ सालापासून एक प्रयोग चालू आहे. वाफेबरोबर बाहेर येणारा कर्बवायू पाण्यात विरघळवून खालच्या बेसाल्ट खडकात सोडतात. तिथे त्याची खडकातल्या चुन्याशी गाठ पडते आणि त्याचा दगड बनतो. या क्रियेला शतके लागतील असा तज्ज्ञांचा कयास होता. परंतु दोन वर्षांच्या आत बहुतेक सगळा वायू दगड झाला, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखविले. आमच्या मार्गदर्शक बाई भूगर्भशास्त्र शिकलेल्या होत्या. हे सांगताना त्यांचा स्वर एखाद्या गृहिणीने आपल्या घरचे लोणचे कसे मुरते ते सांगावे तसा होता.

माळ उतरल्यावर सपाट कुरणे लागली. मेंढ्या, घोडे आणि जांभळ्या ल्युपिनच्या फुलांचे ताटवे. हे फूलझाड मूळचे तिथले नव्हे. उडून जाणारी माती धरून ठेवावी म्हणून १९४५ साली ते अलास्कातून आणविले. आता ते इतके माजले आहे की त्याला आवर कसा घालावा ही चिंता आहे.

पहिला मुक्काम सेल्यालान्ड्सफॉस. साठेक मीटर उंचीवरून पाण्याची एकच धार कड्यापासून अलग होऊन खाली पडते. कड्याचे पोट आत खोल गेलेले असल्यामुळे या धारेच्या मागून प्रदक्षिणा घालता येते. आम्ही ती घातली. समोर पाण्याचा पडदा, त्यापलीकडे हिरवे रान, आणि कानांत असा घोष की शेजारच्याशी बोलणेही खुणांनी करावे लागे. बाहेर आलो तेव्हा सगळे नखशिखांत भिजलेले आणि सगळ्यांचे चेहरे लहान मुलांसारखे झालेले होते.

तिथे बाईंनी आम्हांला उलट दिशेला पाहावयास लावले. कड्यापासून समुद्र चांगलाच दूर, मध्ये सपाट शेते. त्या म्हणाल्या, “तुम्ही उभे आहात तिथे पूर्वी लाटा फुटत होत्या.” आणि ते खरे होते. हा कडा म्हणजे जुना समुद्रकिनारा आहे. हिमयुग संपले, मैलोगणती बर्फाचे ओझे उतरले, तेव्हा दबलेली जमीन हळूहळू वर आली. हिमनद्यांच्या पुरांनी आणलेल्या गाळाने समुद्राला आणखी मागे सारले. नद्या मात्र पूर्वीच्याच वाटेने येतात आणि जुन्या किनाऱ्याच्या काठावरून उडी घेतात. या टापूत धबधब्यांची रांग लागली आहे ती यामुळे.

त्याच रांगेतला पुढचा स्कोगाफॉस. उंची तीच साठ मीटर, परंतु रुंदी पंचवीस मीटर. पहिला जर नाजूक, तर हा मल्ल. या भागात प्रथम वस्ती करणाऱ्या थ्रासी नावाच्या माणसाने आपली सोन्याची पेटी या धबधब्यामागे लपविली, अशी दंतकथा आहे. पुढे कोणी ती ओढावयास गेले, तर पेटीची कडी तेवढी हातात आली आणि पेटी कायमची आत गेली. ती कडी म्हणून दाखविली जाणारी वस्तू जवळच्याच स्कोगार येथील संग्रहालयात आहे.

हे संग्रहालय अवश्य पाहावे. थोरदुर टोमासोन या तिथल्याच गृहस्थांनी तरुणपणापासून शेजारपाजारच्या शेतांवर हिंडून जुनी भांडी, चरखे, खोगिरे आणि पोथ्या जमविल्या व १९४९ साली हे संग्रहालय उभे राहिले. पुढे कित्येक दशके ते स्वतःच त्याची व्यवस्था पाहत. वयाची शंभरी गाठून २०२२ साली ते वारले. गवताच्या ढेपांनी शाकारलेली बुटकी घरे तिथे मांडून ठेवली आहेत. १८५५ साली बांधलेली आठ वल्ह्यांची एक मासेमारी नावही आहे. या किनाऱ्याला बंदर नाही. उघड्या वाळूवरून नाव लाटांत ढकलायची आणि परतताना लाटेवरूनच वाळूवर आणायची. ती नाव पाहिली म्हणजे पोटासाठी माणूस काय काय करतो याचा अंदाज येतो.

संग्रहालयाच्या पाठीशी ढगांत डोके खुपसून एय्याफ्यात्लायोकुत्ल हा पर्वत उभा असतो. नाव विसरले गेले तरी त्याचा पराक्रम पुष्कळांना आठवत असेल. २०१० सालच्या १४ एप्रिलला त्याच्या हिमटोपाखालून स्फोट झाला. बर्फाच्या पाण्याने एकदम निवालेल्या लाव्हाची बारीक, काचेसारखी राख आभाळात चढली आणि वाऱ्याने युरोपवर पसरली. जवळजवळ आठवडाभर युरोपातली बहुतेक विमाने जमिनीवर बसून राहिली. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली.

दुपारी सोल्हेमायोकुत्ल गाठली. मिर्दाल्सयोकुत्ल नावाच्या मोठ्या हिमक्षेत्राची ही एक जीभ आहे. बुटांखाली पोलादी दात्यांचे तळ बांधले, डोक्यावर शिरस्त्राण चढविले, हातात छोटी बर्फकुऱ्हाड घेतली आणि एकामागून एक चालू लागलो. हिमनदी म्हणजे शुभ्र, चकचकीत काहीतरी, अशी आपली समजूत. इथे ती करडी, काळ्या रेघांची, जुन्या रणगाड्याच्या पाठीसारखी दिसली. त्या काळ्या रेघा म्हणजे निरनिराळ्या स्फोटांची राख. जिथे राखेचा थर जाड तिथे खालचा बर्फ वितळत नाही आणि माणसाच्या कमरेएवढे काळे शंकू उभे राहतात. जिथे थर पातळ तिथे ऊन शोषले जाऊन बर्फ अधिकच लवकर वितळतो. भेगांमधून मात्र आत पाहावे. तिथला निळा रंग शाईच्या दौतीत डोकावल्यासारखा होता.

हिमनदीपर्यंत पोहोचण्याआधी एक तळे ओलांडून नव्हे, तर वळसा घालून जावे लागते. या तळ्याची कथा सांगण्याजोगी आहे. जवळच्या ह्वोल्स्वोत्लुर गावातल्या शाळेची मुले २०१० सालापासून दर शरद ऋतूत इथे येतात आणि ठरलेल्या खुणेपासून बर्फाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून त्याची नोंद करतात. पहिल्या वर्षी जिथे बर्फ होता तिथे आज हे तळे आहे. मोजमापासाठी मुलांना आता नावेत बसावे लागते. पहिल्या वर्षी फीत धरलेली मुले आज संसाराला लागली असतील. त्यांच्या धाकट्या भावंडांच्या वहीत तीच हिमनदी कितीतरी मागे गेलेली आहे. हिमनदी पूर्वीही पुढे-मागे होत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही दशके ती पुढेही सरकली होती. परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिने जी माघार घेतली ती थांबलेली नाही.

देशाच्या पश्चिम भागात ओक नावाची एक हिमनदी होती. बर्फ इतका पातळ झाला की स्वतःच्या भाराने सरकण्याची शक्ती उरली नाही, म्हणून २०१४ साली तज्ज्ञांनी तिचे नाव हिमनद्यांच्या यादीतून काढले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून तिथे गेले आणि त्यांनी तिच्या जागी पुढील पिढ्यांच्या नावे एक ताम्रपट बसविला. हे ऐकत असताना बर्फावर आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. इतक्या दूर विमानाने आलेल्या माणसांनी काय बोलावे, हाही प्रश्नच होता. बाई एवढेच म्हणाल्या, “मोजत राहणे हे तरी आपल्या हातात आहे.”

तिथून रेनिसफ्यारा. काळ्या वाळूचा हा किनारा चित्रांतून पुष्कळांनी पाहिला असेल. प्रत्यक्षात तो चित्राहून गंभीर वाटतो. लाव्हा समुद्राला भिडला, फुटला, घासला गेला आणि त्याची ही वाळू झाली. कडेला षट्कोनी दगडी खांबांची भिंत आहे, एखाद्या अवाढव्य पेटीवाद्याच्या नळ्या उभ्या कराव्या तशी. तळ्याचा गाळ वाळताना जशा भेगा पडतात, तसाच निवणारा लाव्हा आकसतो आणि त्याला तडे जाऊन हे खांब होतात. समुद्रात दोन-तीन काळे सुळके उभे आहेत. तीन डोलकाठ्यांचे जहाज किनाऱ्याकडे ओढणारे राक्षस ते. पहाट झाल्याचे भान राहिले नाही आणि उजेड पडताच त्यांचे दगड झाले, असे लोक सांगतात.

इथला नियम एकच: समुद्राकडे पाठ करावयाची नाही. दहा लाटा सालस येतात आणि अकरावी एकाएकी कितीतरी पुढे धावून माणसाला ओढून नेते. किनारा एकदम खोल होत जातो आणि पाणी बर्फासारखे गार. इथे अनेक प्रवाशांचे प्राण गेले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी गेली. धोक्याचे दिवे आहेत, फलक आहेत. तरी छायाचित्रासाठी पाण्याकडे पाठ फिरवणारे आम्ही होतो तेव्हाही दिसत होते आणि बाई त्यांना ओरडून मागे बोलावीत होत्या.

शेवटी वीक. टेकडीवर लाल छपराचे देऊळ, खाली थोडी घरे. या गावाच्या पाठीशी हिमक्षेत्राखाली कात्ला नावाचा ज्वालामुखी निजलेला आहे. १९१८ सालच्या १२ ऑक्टोबरला तो उठला, तेव्हा वितळलेल्या बर्फाचा महापूर घराएवढे हिमखंड घेऊन समुद्राकडे गेला. त्याने आणलेल्या गाळामुळे किनारा काही किलोमीटर पुढे सरकला. तेव्हापासून समुद्र तो पुन्हा कुरतडतो आहे. कात्ला उठला तर घरदार सोडून देवळाच्या टेकडीवर जमावयाचे, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. इतके असूनही घरांच्या खिडक्यांत फुलांच्या कुंड्या होत्या.

हे सगळे आपल्याला परके वाटण्याचे मात्र कारण नाही. आपले हे माळव्याचे पठार, खाली सह्याद्री, वेरूळचे कैलास लेणे ज्यातून कोरले तो डोंगर, हे सर्व अशाच लाव्हारसाचे थर आहेत. फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आइसलंडचा जुन्यात जुना खडक दीड-पावणेदोन कोटी वर्षांपलीकडचा नाही. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून जी टेकडी आहे, तिचे खांब रेनिसफ्याराच्या खांबांचे थोरले भाऊच होत. आणि आपल्या शेतांतली काळी माती हा त्याच दगडाचा युगायुगांच्या ऊनपावसाने केलेला भुगा. तिकडच्या काळ्या वाळूत अजून काही उगवत नाही. आपल्या काळ्या मातीने आपल्या पूर्वजांना इथे राहावयास लावले.

तेव्हा आइसलंडला जाणे जमो न जमो, यंदा पावसाळ्यात पाताळपाणीला जाल तेव्हा पाण्याबरोबर मागच्या काळ्या कड्याकडेही पाहा. एकावर एक बसलेले थर दिसतील. मुले बरोबर असतील तर त्यांना ते मोजावयास सांगा.