शर्यत रविवारची, लढत शुक्रवारपासूनची

मोटोजीपीत संघाचा वीकेंड घडतो किंवा बिघडतो तो शुक्रवारी. त्या दुपारच्या सरावातले पहिले दहा स्वार थेट दुसऱ्या पात्रता फेरीत जातात. उरलेल्यांसाठी शनिवारी सकाळी १५ मिनिटांची पहिली फेरी असते आणि त्यातून पुढे जातात फक्त दोघे. म्हणून टायर, सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे गणित मेकॅनिकांना पहिल्याच दिवशी जुळवावे लागते. पात्रता फेरीतला क्रम शनिवारच्या स्प्रिंटला लागू होतो आणि रविवारच्या मुख्य शर्यतीलाही, त्यामुळे एकच चूक दोनदा भोवते.

यावर कोणी म्हणेल, रविवारच्या विजयाला २५ गुण आहेत. २०२३पासून सुरू झालेल्या, निम्म्या अंतराच्या स्प्रिंटला फक्त १२. मग खरे मोल रविवारचेच! हिशेब बरोबर आहे, पण अपुरा. २०२४मध्ये फ्रान्चेस्को बान्यायाने रविवारच्या तब्बल ११ शर्यती जिंकल्या, होर्हे मार्टिनने अवघ्या तीन. तरीही स्प्रिंटसह सगळे गुण मोजल्यावर पारडे सातत्याच्या बाजूने झुकले. मार्टिन ५०८, बान्याया ४९८. जगज्जेता मार्टिन ठरला.