परदेशी सासर आणि लेकीची कागदपत्रे

लेक परदेशी निघाली की आपल्या घरांत महिनाभर आधीपासून लगबग सुरू होते. खाकरे, पापड, मेथीचे लाडू, आजीने हाताने लिहून दिलेली सामायिकाची वही, आईने जपून ठेवलेली साडी. बॅग वजनकाट्यावर चढते, उतरते, पुन्हा भरली जाते. कागदपत्रांची फाइल मात्र सर्वांत शेवटी आठवते. तीही बहुधा जावईबापूंचा फोन आल्यावर.

बँकेतील दीर्घ सेवेत कागद तपासण्यातच माझे आयुष्य गेले. तरीही स्वतःच्या पुतणीच्या बाबतीत मी गाफील राहिलो, हे प्रथम कबूल करतो. तिचा जन्म आणि शिक्षण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. विवाह अमेरिकेचे नागरिकत्व असलेल्या मुलाशी झाला. लग्न थाटात पार पडले, जावई आठ दिवसांत परत गेले आणि पुतणी व्हिसाची वाट पाहत माहेरी थांबली. प्रत्यक्ष कागद काढले तेव्हा ध्यानात आले की जन्मनोंदीत नावाचा रकाना कोरा होता. दहावीच्या प्रमाणपत्रावर आमचे कुळाचे आडनाव होते, पासपोर्टवर आडनाव ‘जैन’ होते आणि विवाह प्रमाणपत्रावर सासरचे नवे नाव लिहिलेले होते. आमच्या दृष्टीने ती एकच मुलगी, परंतु कागदावर त्या जणू चार जणी होत्या.

हे सर्व निस्तरण्यात सात महिने गेले. या काळात स्थानकात, लग्नकार्यात, बाजारात, जो भेटेल तो विचारी, “अजून इथेच?” एके दिवशी ती मला म्हणाली, “काका, मी मीच आहे, हे सांगायला एवढे कागद लागतात का?” तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी हा प्रसंग येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

नावाची एकवाक्यता

ज्या धनादेशावर अक्षरी रक्कम एक आणि अंकी रक्कम दुसरी असते, तो बँकेत परत जातो. रक्कम लहान की मोठी, हा प्रश्नच उरत नाही. परदेशी दूतावासातील अधिकारीही याच दृष्टीने फाइल पाहतो. किती कागद जोडले यापेक्षा ते सर्व कागद एकाच व्यक्तीविषयी बोलतात का, हे तो पाहतो.

आपल्या समाजात ही अडचण अधिक येते. आजोबांनी व्यापारात ‘जैन’ लावले, वडिलांच्या शाळेत ‘कोठारी’ लिहिले गेले आणि मुलांच्या पासपोर्टवर त्यांपैकी कोणतेतरी एक आले, असे अनेक घरांत दिसते. त्यात महाराष्ट्राची पद्धत अशी की, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. लग्नानंतर वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, ते वेगळेच.

विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे आपल्या देशातील कोणताही कायदा सांगत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, नाव बदलायचे की नाही हे साखरपुड्याच्या सुमारासच ठरवावे. बदलायचे नसेल तर विवाह प्रमाणपत्रासह सर्वत्र पासपोर्टप्रमाणेच नाव ठेवावे. बदलायचे असेल तर व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी पासपोर्ट, आधार, पॅन आणि बँक खाते या चारही ठिकाणी बदलावे. अर्धे जुने, अर्धे नवे, ही स्थिती सर्वांत वाईट. जुन्या कागदांतील फरक दुरुस्त होण्यासारखा नसेल, तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र करून सोबत ठेवावे.

गावाच्या नावाकडेही लक्ष द्यावे. आपल्या जिल्ह्याचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांवर वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असे आढळते. पांढरकवडा हे गाव आणि केळापूर हा तालुका, हे आपल्याला ठाऊक असते, मुंबईत वा परदेशात बसलेल्या अधिकाऱ्याला नाही. पासपोर्टवरील जन्मस्थान आणि जन्म प्रमाणपत्रावरील जन्मस्थान एकदा शेजारी ठेवून वाचावे.

जन्माचा दाखला

आपल्याकडे अनेक वर्षे शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र जन्मतारखेसाठी चालत आले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी आता जन्म प्रमाणपत्रच लागते, परंतु त्याआधी जन्मलेल्यांना अन्य पुरावेही चालतात. म्हणून आज लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरी जन्म प्रमाणपत्राची निकड कोणाला भासत नाही. अमेरिकेसारखा देश मात्र स्थलांतराच्या व्हिसासाठी जन्म प्रमाणपत्र मागतोच. त्यावर मुलीचे नाव, आई आणि वडील दोघांची नावे, जन्मतारीख आणि स्थान असावे लागते.

नगर परिषद किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत जन्माची नोंद असूनही नावाचा रकाना कोरा असेल, तर निबंधकाकडे अर्ज करून नाव समाविष्ट करून घ्यावे. नोंदच सापडत नसेल, तर तसे अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यासोबत शाळेचे दाखले व आईवडिलांची किंवा जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. उशिराने नवी नोंद करावयाची झाल्यास ती कायदेशीर मार्गानेच करावी. २०२५ च्या अखेरीस आपल्याच आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या दोन हजारांच्या आत वस्ती असलेल्या गावाच्या नावावर सत्तावीस हजारांच्या घरात जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. अशा प्रकारानंतर विलंबाने झालेल्या नोंदीकडे बारकाईने पाहिले जाणार, हे उघड आहे. ‘दोन दिवसांत दाखला काढून देतो’ असे म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागून लेकीचे भवितव्य पणाला लावू नये.

विवाहाचे प्रमाणपत्र

लग्नपत्रिका, अल्बम आणि चित्रफीत हे आनंदाचे पुरावे झाले. कायद्याचा पुरावा म्हणजे विवाह निबंधकाचे प्रमाणपत्र. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार ही नोंदणी होते. पती, पत्नी आणि तीन साक्षीदार लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या प्रकरणात सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तरीही आपल्याकडे ‘करू सावकाश’ ही वृत्ती आहे. जावई परत गेल्यावर त्यांची सही कुठून आणणार? मुलगा दोन आठवड्यांच्या रजेवर आला असेल, तर त्या दोन आठवड्यांतील एक दिवस निबंधकाच्या कार्यालयासाठी आधीच राखून ठेवावा.

येथे एका गैरसमजाचे निरसन करतो. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यामुळे आपल्याला हिंदू विवाह कायदा लागू नाही, असे काही जण सांगतात. ते बरोबर नाही. १९५५ च्या त्या कायद्यातच जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये वेगळे मत दिले होते, परंतु मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने पुढच्याच महिन्यात तो आदेश रद्द केला.

पासपोर्ट काढण्यासाठी विवाह प्रमाणपत्राची सक्ती डिसेंबर २०१६ मध्ये दूर झाली. त्यामुळे ‘पासपोर्टला लागले नाही, मग व्हिसाला कशाला?’ असा समज होतो. पतीच्या नात्याने व्हिसा मिळतो, तो याच कागदाच्या आधारे.

देश तसा शिक्का

‘अपोस्टिल’ हा शब्द आता आपल्या तालुक्यांतही ऐकू येतो. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातील देश एकमेकांचे सरकारी कागद या एका शिक्क्यावर मान्य करतात. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आपल्याकडे आधी राज्य शासनाच्या अधिकृत अधिकाऱ्याचे साक्षांकन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, असा क्रम आहे.

परंतु सर्व देशांची रीत एक नाही. दुबई, अबुधाबी ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहेत, तो देश या करारात नाही. तेथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचेही साक्षांकन लागते. जर्मनी करारात आहे, पण भारताचा अपोस्टिल मान्य करीत नाही. त्यांचा दूतावास कागदांची आपल्याकडे स्वतंत्र पडताळणी करवू शकतो आणि तिला काही महिने लागू शकतात. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून करारात आला. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी अपोस्टिल मागत नाहीत, मात्र इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचा प्रमाणित अनुवाद लागतो. तात्पर्य, शेजाऱ्याच्या मुलीला काय लागले हे न विचारता त्या देशाच्या दूतावासाची चालू यादी पाहावी.

पोलीस पडताळणीचा दाखलाही अनेक देश मागतात. हा दाखला आपल्यासाठी नागपूरच्या क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. पासपोर्टवरील पत्ता जुना असेल तर यात वेळ जातो.

एक छोटी सूचना. मूळ प्रमाणपत्रांना प्लास्टिकचे आवरण चढवू नये. साक्षांकनाचे शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर लागतात, आवरण असल्यास अडचण होते.

निघण्यापूर्वी बँकेत

आधार आणि पॅन परदेशात ओळखपत्र म्हणून उपयोगी पडत नाहीत, पण येथील व्यवहारांसाठी ती लागतात. पॅन आणि आधारची जोडणी निघण्यापूर्वी पाहून घ्यावी. कायम वास्तव्यासाठी परदेशी गेल्यावर येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते अनिवासी, म्हणजे एनआरओ, खात्यात रूपांतरित करावे लागते. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक परदेशात संदेश घेऊ शकेल, याची व्यवस्था करावी. केवळ ओटीपी न आल्याने अडलेली खाती मी पुष्कळ पाहिली आहेत. येथील मालमत्तेसाठी मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ते आपल्याच देशात करून जावे. परदेशात केल्यास ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

पुढे नोकरी वा शिक्षणाचा विचार असेल, तर अमरावती विभागीय मंडळाची प्रमाणपत्रे, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची पदवी आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका सोबत असाव्यात. वाहन चालवता येत असेल तर परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, तो एक वर्ष चालतो.

फाइल कोणाच्या हाती?

आता सर्वांत महत्त्वाचे. हे सारे कागद मुलीचे आहेत, तेव्हा ते मुलीच्याच हाती असावेत. विमानात ते हातातील बॅगेत ठेवावेत, सामानात टाकू नयेत. पोहोचल्यावर ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून पासपोर्ट कोणी मागितला, तरी तो कोठे आहे हे तिला ठाऊक असावे आणि तो केव्हाही हाती घेता यावा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. पतीला किंवा सासूसासऱ्यांना तो अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही.

आता बरेचसे व्यवहार ऑनलाइन झाले आहेत. ब्रिटनने तर रहिवासाची कार्डे बंद करून २०२४ अखेर ई-व्हिसाची पद्धत आणली. अशा खात्यांना ईमेल आणि मोबाइल क्रमांक मुलीचा स्वतःचा द्यावा. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी अमेरिकेत गेलेल्या पत्नीला प्रथम दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते, त्याची मुदत संपण्यापूर्वी एकत्र संसाराचे पुरावे द्यावे लागतात. म्हणून घरभाड्याचा करार आणि बँक खाते यांवर तिचे नाव असावे, तिच्याजवळ त्यांच्या प्रती असाव्यात. प्रत्येक कागदाची एक प्रत माहेरी आणि एक ईमेलमध्ये असावी.

हे अविश्वासाने सांगत नाही. आपल्या बहुतेक मुली सुखात नांदतात. परंतु बँकेत आम्ही उत्तम ग्राहकाकडूनही तारण घेत असू. संकट आलेच, तर जवळचा भारतीय दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ संकेतस्थळ आणि राष्ट्रीय महिला आयोगाचा २००९ पासून कार्यरत असलेला अनिवासी भारतीय विवाहविषयक कक्ष, ही तीन दारे आहेत. ही नावे लेकीच्या आणि आईच्या, दोघींच्या वहीत लिहिलेली असावीत.

माझ्या पुतणीला अखेर व्हिसा मिळाला. नागपूर विमानतळावर निरोप देताना तिची मोठी बॅग उचलायला आम्ही चौघे पुढे झालो. फाइल मात्र तिने कोणालाच धरू दिली नाही. मला बरे वाटले. ज्यांच्या घरी यंदा लग्न ठरत आहे, त्यांनी पत्रिका छापायला देण्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी, कपाटातील कागद बाहेर मांडावेत आणि मुलीला शेजारी बसवून प्रत्येक कागदावरचे नाव मोठ्याने वाचावे. जेथे नाव वेगळे निघेल, तेथून कामाला लागावे.